ओमानची वाळू, डोंगर आणि किनारा: गाडी आपण चालवायची की वाटाड्या घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात दोन कुटुंबं सहा दिवसांसाठी मस्कतला येणार. चार मोठे, तीन मुलं, शिवाय आई-बाबा. वाळवंट, डोंगर आणि समुद्र, तिन्ही गाडीने करायचंय. घरी थार आहे, लडाख दोनदा स्वतः चालवून झालंय. मग वाटाड्यासकट टूरचे पैसे कशाला घालवायचे, भाड्याने फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) घेऊन आपणच का जाऊ नये?

मी मस्कतमध्ये सतरा वर्षं आहे. पहिली सहा गॅरेजमध्ये गेली, नंतर टूरच्या गाड्यांची देखभाल आणि ताफ्याची आखणी हेच काम. गाडी रुतली की फोन मला येतो. त्यामुळे माझं मत रुतलेल्या लोकांकडे बघून बनलेलं आहे, हे आधीच कबूल करतो.

डोंगर तुम्ही निम्मा स्वतः करू शकाल. किनाऱ्याचा डांबरी रस्ता खुशाल करा. वाळूत मात्र पहिल्या खेपेला एकट्याने अजिबात जाऊ नका.

लडाखचा अनुभव मी कमी लेखत नाही. पण तिथे रस्ता कितीही भिकार असला तरी खाली दगड असतो, चाक घसरलं तरी कुठेतरी धरतं. वाळूत धरायला काही नसतं. गाडी वाळूवर होडीसारखी तरंगत जाते, आणि वेग गेला की बुडते. डोंगरात तयार झालेल्या ड्रायव्हरची पहिली सवय कोणती? पुढे अडचण दिसली की वेग कमी करायचा, वाकून बघायचं, मग हळूच चाक घालायचं. नेमकी हीच सवय वाळूत गाडी रुतवते. माझ्या अनुभवात नवशिक्यांपेक्षा घाटातले मुरलेले लोकच जास्त रुततात, कारण नवशिका निदान सांगितलेलं ऐकतो.

तुम्ही ज्या वाळवंटात जाणार त्याला आता शर्किया सँड्स म्हणतात. जुनं नाव वाहिबा, तिथल्या टोळीवरून पडलेलं. मस्कतहून इब्रामार्गे बिदिया हे गाव सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, अडीच तासांचा झकास हमरस्ता. वाळवंटाचा पसारा साधारण १२,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठा. उत्तरेकडच्या भागात टेकड्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, कुठे कुठे शंभर मीटरपर्यंत उंच. दोन रांगांच्या मधल्या सखल पट्ट्यातून बेदू लोकांच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या, गाड्या जातात येतात, आणि पर्यटकांचे तंबूंचे कॅम्पही तिथेच आहेत.

बिदियाला डांबर संपण्याआधी सगळ्या गाड्या थांबतात, हवा काढायला. सकाळी आठच्या सुमाराला तिथे उभं राहिलात तर चहूकडून नुसती फुस्स ऐकू येते. हमरस्त्यावर टायरमध्ये ३५ हवा असते, ती वाळूसाठी १५ ते १८ वर आणायची. आमच्याकडचा एक म्हातारा बेदू ड्रायव्हर गेज कधीच लावत नाही. किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून धरतो, तोंडाने शेजाऱ्याशी गप्पा चालूच, आणि नजर टायरच्या खालच्या भागावर. तिथे बाजूला फुगवटा आला की किल्ली काढतो. मी मागून गेज लावून बघितलंय: १६, १६, १७, १६. चिडून सांगतो, मला अजून हे जमत नाही.

हवा काढली की टायर रुंद होतो असा सगळ्यांचा समज असतो. रुंद जरासाच होतो, खरा तो लांब होतो. जमिनीला टेकलेला ठसा पुढे-मागे वाढतो आणि टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळू दाबत जातो. टायर भरलेला असला की तोच वाळूत कुदळीसारखा खाली जातो. पण याची किंमत आहे. इतक्या कमी हवेत वेगात झटक्याने वळलात तर टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरावर आल्यावर हवा न भरता १००-१२० ने निघालात तर टायरची बाजू तापून फाटते. वाळूतून सुखरूप बाहेर पडलेल्या भाड्याच्या गाड्या पुढे रस्त्यावर टायर फाडून बसलेल्या मी किती बघितल्या, मोजलेलं नाही.

टेकडीवर चढणं-उतरणं हा पुढचा भाग. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वारा येतो ती उतरती आणि घट्ट, वाऱ्याच्या आडची खडी आणि भुसभुशीत. खडी बाजू जवळपास ३४ अंशांवर उभी असते, कारण कोरडी वाळू त्याहून जास्त खडी राहूच शकत नाही, घसरते. घट्ट बाजूने वेगात चढायचं आणि माथ्याच्या जरा आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, म्हणजे गाडी नाक टेकवून पलीकडे उतरते. उशिरा सोडलात तर गाडी हवेत, आणि लवकर सोडलात तर पोट माथ्यावर टेकून चारही चाकं लोंबकळत. उतरताना नाक सरळ उताराकडे, ब्रेक नाही, गियरवरच. गाडी आडवी घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवून गॅस द्यायचा. सगळं शरीर ब्रेक दाब म्हणून ओरडत असताना गॅस द्यायला हवा तेवढा सराव. ब्रेक दाबला की गाडी कुशीवर लोळते.

मग चांगला ड्रायव्हर टेकडी ओळखतो कशी? सावलीवरून. सकाळी आणि दुपारी तीननंतर ऊन तिरपं असतं, खड्डे, कडा, मऊ जागा सगळं उमटून दिसतं. भर दुपारी सावली आखडते. समोर नुसता पिवळा कागद, आणि त्यात दोन पुरुष खोल खड्डा असला तरी नाकाखाली येईपर्यंत दिसत नाही. म्हणून आमच्या गाड्या बारा ते अडीच कॅम्पवर उभ्या असतात. पाहुणे कुरकुरतात की पैसे दिलेत आणि जेवून झोपायला लावता. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, त्यामुळे संध्याकाळची फेरीही लांबवता येत नाही. संपूर्ण दिवसाच्या टूरमध्ये प्रत्यक्ष टेकड्यांवरची मजा तासा-दीड तासाची असते. कोणी चार तास टेकड्या फिरवतो म्हणून सांगितलं तर समजा, तो थापा मारतोय किंवा तुमचे मणके मोडणार आहे.

दोरीबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. रुतलेली गाडी ओढायला दोन प्रकारचे पट्टे असतात. एक साधा, न ताणला जाणारा. दुसरा रबरासारखा ताणला जाणारा, जो ताणून झटक्याने गाडी उपसतो. हा दुसरा पट्टा गाडीमागच्या, ट्रेलर ओढायच्या लोखंडी गोळ्याला कधीही बांधू नये. तो गोळा तुटला की गोफणीतल्या दगडासारखा येतो, मागच्या काचेतून आत, सरळ माणसापर्यंत. जगभर माणसं मेलेली आहेत अशी. काही वर्षांपूर्वी वीकेंडला आलेल्या एका घोळक्याने नेमकं हेच केलेलं मी पंधरा मीटरवरून पाहिलं. गोळा तुटला नाही, बंपरसकट उपटून आला, वाळूत आपटला आणि शेजारी उभ्या मुलाच्या चपलेपाशी थांबला. मुलगा हसत होता. त्याला काही कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून पट्टा लागला की मी आधी माणसं मोजतो: सगळे पट्ट्याच्या दीडपट लांबीच्या बाहेर, पट्ट्यावर मधोमध जाड पांघरूण टाकलेलं, आणि मोबाइलवर शूटिंग करणारा मेहुणा गाडीत बसलेला. मेहुणा नेहमी असतोच.

रुतल्यावर करायचं ते तसं सोपं आहे, पण घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटलं त्या क्षणी पाय काढा. दर सेकंदाला गाडी बोटभर खाली जाते. उतरा, हवा अजून दोन-तीन पौंड कमी करा, चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू हातांनी ओढून काढा, आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. ती वाळू एकदा दाबली गेलेली असते. दहापैकी सात वेळा दोरी लागत नाही.

भाड्याच्या गाडीबद्दल एक रूक्ष गोष्ट. करार नीट वाचा. बहुतेक करारांत डांबर सोडल्यावर झालेलं नुकसान, पाण्यातून गाडी नेल्याने झालेलं नुकसान, टायर आणि गाडीचा तळ, हे विम्याबाहेर असतं. फोर बाय फोर गाडी भाड्याने दिली म्हणजे वाळूत न्यायची परवानगी दिली, असा अर्थ होत नाही. शिवाय इथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून. रस्त्यावर याची सवय अर्ध्या दिवसात होते, पण घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच चालतात.

आता डोंगर. अल हजर पर्वत बघितल्यावर सह्याद्रीच्या माणसाला आधी काय खटकतं? झाड नाही. नुसता हाडांचा सापळा. त्यातलं जबल अखदर तुम्हाला स्वतः करता येईल. निझवाजवळच्या बिरकत अल मौझला पोलीस चौकी आहे, तिथे गाडी फोर बाय फोर आहे का ते तपासतात, नसेल तर परत पाठवतात. पाहुणे विचारतात, वर तर चकाचक डांबरी रस्ता आहे, मग फोर बाय फोर कशाला? चढायला नाहीच लागत, ती उतरायला लागते. सैक पठार दोन हजार मीटरच्या आसपास आहे आणि तिथून खाली येणारा उतार लांबलचक, सलग. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात, ब्रेकमधलं तेल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढाव बांधून ठेवलेत, ते शोभेला नाहीत. वरूनच खालच्या गियरमध्ये टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. हे तुम्हाला लडाखमुळे येतच असणार. इथे तुमचा अनुभव पैसे वाचवेल.

वादी बनी औफ मात्र वाटाड्याबरोबरच. (वादी म्हणजे कोरडी नदी, कोर्टातला नव्हे.) अल हमराच्या वरून शरफ अल अलमैनच्या खिंडीतून उत्तरेला रुस्ताककडे उतरणारा हा रस्ता ओमानमधला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दगाबाज. मध्ये बिलाद सैत नावाचं गाव लागतं, डोंगराच्या मुठीत धरल्यासारखं, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांसह. काही वळणांवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावंच लागतं, आणि मागे म्हणजे दरीच्या कडेने. कोणी मागे जायचं हे स्थानिक ड्रायव्हर दोन फर्लांग आधीच हेडलाइटच्या इशाऱ्याने ठरवून टाकतात. ही भाषा तुम्हाला येत नाही, मलाही अर्धवटच येते.

आणि पाणी. उत्तर ओमानमध्ये हिवाळ्यात पाऊस पडतो, रोज नाही, पण पडला की डोंगर एक थेंबही मुरू देत नाही. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं, पाऊस तीस किलोमीटर वर पडलेला असतो आणि वादीत भिंतीसारखं पाणी येतं. एप्रिल २०२४ मध्ये शर्किया भागात अशाच पुराने शाळकरी मुलांसकट कितीतरी जण नेले. वाहत्या वादीत गाडी घालणं हा इथे गुन्हा आहे, दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. रस्ता जिथे वादी ओलांडतो तिथे कडेला रंगवलेले खांब असतात. पाणी लाल पट्ट्याला लागलं की थांबायचं. लोक गाडीच्या चाकाची उंची मोजतात, पाण्याचा जोर मोजत नाहीत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या दोन गाड्या शरफ अल अलमैनपर्यंत पोचल्या होत्या. ऊन छान. ड्रायव्हर उतरला, उत्तरेकडे पाहिलं, गावातल्या ओळखीच्याला फोन लावला, आणि परत येऊन म्हणाला, खलास, आज नाही. पाहुणे भडकले. पूर्ण पैसे मागितले, मला फोनवर दहा मिनिटं झापलं. दुपारी वादीला पाणी आलं का? नाही आलं. एक थेंब नाही. तरीही तो ड्रायव्हर बरोबर होता असं माझं म्हणणं आहे, आणि तुम्ही वाटाड्याला जे पैसे देणार ते मुख्यतः या 'आज नाही'साठी देणार. भाड्याच्या गाडीत बसलेला, रजा मोजून आलेला, मागे मुलं 'अजून किती' म्हणून विचारत असलेला माणूस हे दोन शब्द स्वतःला सांगू शकत नाही. मीही सांगितले नव्हते, ते पुढे येतंच.

किनाऱ्याचं लवकर आटोपतो, कारण सहा दिवसांत तुम्ही किनाऱ्यावर गाडी घालू नये असंच माझं मत आहे. मस्कत ते सूर हा रस्ता स्वतः करा. बिम्माचा पाण्याने भरलेला खड्डा, वादी शाब, फिन्सचा किनारा, सगळं डांबरावरून गाठता येतं. मुलं खूश होतील. पुढे रास अल जिंझला हिरवी कासवं अंडी घालायला येतात. वर्षभर येतात, उन्हाळ्यात जास्त, डिसेंबरात कमी. १९९६ पासून तो भाग राखीव आहे, रात्री त्यांच्याच माणसासोबत जावं लागतं आणि किनाऱ्यावर गाडी चालवायचा विषयच नाही. वेळासला ज्यांनी पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलीत त्यांना कारण सांगायला नको. टायरची वीतभर खोल चाकोरी हातभर जिवाला खंदक असते, हे तर बोटभर.

किनाऱ्यावर चालवायची हौस असणारे दक्षिणेला खलूफकडे जातात, मस्कतपासून पाच-सहा तास. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सिमेंटसारखी लागते, ८० ने गाडी पळते, आणि माणूस घड्याळ विसरतो. मी २०१४ साली तिथे एकटी गाडी घेऊन गेलो होतो, हा माझा पहिला गाढवपणा. फोटो काढायला पाण्याजवळ थांबलो, हा दुसरा. ओली वाळू चालत्या गाडीला धरते आणि थांबलेल्या गाडीला गिळते, कारण प्रत्येक लाट परत जाताना चाकाखालून थोडी वाळू घेऊन जाते. वीस मिनिटांत पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेला. होडी ओढायला आलेल्या कोळ्यांच्या पिकअपने मला बाहेर काढलं. गाडी वाचली, पण पुढच्या वर्षभरात खारं पाणी लागलेली एकेक वायर सडत गेली. कोळ्याने पैसे घेतले नाहीत, फक्त माझ्या मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली. कोकणात दर सुट्टीत किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने काढतानाचे व्हिडिओ बघतो तेव्हा मी हसत नाही. त्याच भागात सबखाही आहे, वर मिठाची पापडी आणि खाली चिखल. तिथे आधीच्या चाकोरीबाहेर एक चाकही घालायचं नसतं.

टूर ठरवताना काय विचारायचं? सूट किती हे शेवटी. आधी विचारा, वाळूत किमान दोन गाड्या असतील ना. एकटी गाडी नेणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. मागच्या सगळ्या सीटना पट्टे चालू आहेत का, आणि एका गाडीत किती माणसं बसवणार. चार ठीक, सहा म्हणजे मागचे दोघे उलटी करणार. गाडी आल्यावर टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. इथल्या उन्हात पाच वर्षांपुढचा टायर मी वापरू देत नाही, नक्षी कितीही खोल दिसली तरी. कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय ते दाखवायला सांगा. चांगला ड्रायव्हर आनंदाने डिकी उघडून दाखवतो. ज्याला राग येतो त्याच्या डिकीत बहुधा पाहुण्यांच्या बॅगांशिवाय काही नसतं.

आई-बाबांबद्दल. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गुडघ्याची शस्त्रक्रिया, हृदयाचा त्रास, यांपैकी काही असेल तर टेकड्यांची फेरी नको. सांगायचं लाजू नका, ड्रायव्हरला आधी कळलं तर तो त्यांना सखल पट्ट्यातून सरळ कॅम्पवर नेतो, आणि सूर्यास्ताला टेकडीच्या पायथ्याशी. बिदियापासून कॅम्पची गाडी न्यायला येते, तशी सोय बहुतेक ठिकाणी असते. मुलांना फेरीच्या आधी दोन तास पोटभर काही देऊ नका. स्वेटर आणा. डिसेंबरात वाळवंटात रात्री चांगलंच गार होतं, आणि गल्फ म्हणजे उकाडा असं समजून आलेले लोक शेकोटीपासून हलत नाहीत.

म्हणून मी तुमच्यासाठी असं लावेन. पहिला दिवस मस्कत, नुसता आराम आणि डाव्या स्टिअरिंगची सवय. दुसरा-तिसरा निझवा आणि जबल अखदर, भाड्याच्या गाडीने, तुम्हीच चालवा. निझवाला शुक्रवारी सकाळी शेळ्यांचा बाजार भरतो, तो दिवस जुळवता आला तर जुळवा, बाबांना फार आवडेल. त्यातच एक दिवस अल हमराहून वादी बनी औफ, वाटाड्याची गाडी आणि ड्रायव्हर. चौथ्या दिवशी स्वतःच्या गाडीने बिदियापर्यंत या, गाडी तिथे डांबरावर ठेवा, कॅम्पच्या गाडीने आत जा, रात्र तिथे. पाचव्या दिवशी सकाळी लवकर टेकड्या, मग सूर. सहाव्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्याने पोहत पोहत परत. पाण्याच्या बाटल्या माणशी रोज चार लिटरच्या हिशेबाने, आणीबाणीचा नंबर ९९९९, आणि अंधार पडल्यावर हमरस्त्यावरही वेग कमी, कारण उंट दिवे लावून फिरत नाहीत. तारखा आणि आई-बाबांची वयं कळवा, म्हणजे कॅम्प कोणत्या बाजूचा घ्यायचा ते सांगतो.